करवंदीची जाळी
(नभोवाणीवरील भाषण)

वैशाखांत आगगाडीनें घाट चढतांना किंवा उतरतांना कर्जत, लोणावळा, कसारा अशा एखाद्या स्टेशनावर गाडी थांबली, कीं डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका डब्यांजवळ येतात आणि 'डोंगराची काळी मैना' असा पुकारा करतात. हा पुकारा आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकलेला असेल. पानाच्या द्रोणांत भरलेलीं तीं काळींभोर फळें आपण विकत घेतों, मुलांना वांटतों, बोटें जांभळीं करून घेतों, आणि आपलें गांव येण्यापूर्वीं रिकामा द्रोण टाकून देऊन सारें विसरूनहि जातों. ज्या झुडपानें तीं फळें दिलीं तें दिसतें कसें, तें वाढतें कोठें, त्याच्या आधारानें कोण जगतें, आणि आपल्या घराभोंवतीं तें लावतां येईल कीं नाहीं, हा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आजच्या माझ्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

आरंभींच सांगितलेलें बरें, कीं मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी शिक्षक झालों, आणि नोकरीचीं बहुतेक वर्षें सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका खेड्यांत घालवून आतां निवृत्त झालों आहें. करवंदीविषयीं मला जें ठाऊक आहे त्यांतील थोडें पुस्तकांतून, थोडें माझ्या विद्यार्थ्यांच्या आईबापांकडून, आणि पुष्कळसें माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें मी शिकलों. ती चूक ओघानें पुढें येईलच.

प्रथम या झुडपाची ओळख करून घेऊं. संस्कृतांत याला करमर्द म्हणतात, हिंदींत करौंदा, गुजराथींत करमदां. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें इ. स. १७६७ मध्यें याला 'कॅरिसा करंडास' असें नांव दिलें. त्यांतील दुसरा शब्द म्हणजे आपल्याच देशी नांवानें घातलेला परदेशी अंगरखा होय. याचें कूळ कण्हेरीचें. कण्हेर, तगर, सदाफुली, पांढरा चाफा हीं सारीं याचीं भावंडें. पान किंवा कोंवळें फळ तोडलें कीं दुधासारखा पांढरा चीक येतो, ही या घराण्याची खूण. या घराण्यांतील पुष्कळ मंडळी विषारी आहेत, आणि कण्हेरीपासून मुलांना दूर ठेवावें हें प्रत्येक सुज्ञ गृहिणीला माहीत असतें. अशा कुळांत जन्म घेऊन करवंदीनें मात्र माणसाच्या मुलांना खाऊ देण्याचें व्रत घेतलें आहे.

झुडूप साधारणपणें पुरुषभर किंवा दीड पुरुष उंच वाढतें. शेजारीं एखादें झाड असल्यास त्याचा आधार घेऊन त्याहूनहि वर चढतें. पानें समोरासमोर, जाड, वरून चकचकीत. पेरांपेरांवर सरळ, कठीण आणि पुष्कळदां टोंकाशीं दुभंगलेले कांटे असतात. माघ-फाल्गुनांत फांद्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. त्यांचा घाट आणि सुगंध जाईजुईच्या जवळचा. रात्रीं डोंगराच्या वाटेनें जाणाऱ्याला जाळी दिसण्याआधीं तिचा वास येतो. फळ प्रथम हिरवें, मग एका अंगानें लालसर, आणि वैशाखांत पिकलें म्हणजे गर्द जांभळें-काळें. खेड्यांतील मुलें तें दांतांनीं अर्धें तोडून एकमेकांना विचारतात, 'कोंबडा कीं कोंबडी?' आंत लाल निघालें तर कोंबडा, पांढरें निघालें तर कोंबडी. हा खेळ कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नाहीं, परंतु माझ्या शाळेंतील एकहि मूल असें नव्हतें कीं ज्याला तो येत नव्हता.

परंतु करवंदीचा खरा गुण फळाच्या दिवसांत कळत नाहीं. तो कळतो चैत्रांत. त्या वेळीं आमचा डोंगर उघडा पडलेला असतो. साग आणि ऐन निष्पर्ण, गवत वाळून पिवळें झालेलें किंवा वणव्यांत जळून काळें पडलेलें, आणि ओहोळ आटलेले. अशा त्या भाजलेल्या उतारावर हिरवेगार ठिपके दिसतात ते करवंदीच्या जाळींचे. हें झुडूप सदाहरित आहे. त्याची मुळें कातळाच्या भेगांतून खोल जातात, आणि पानाची जाड, मेणचट त्वचा आंतील ओलावा सहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. त्यामुळें जांभ्या दगडाच्या सड्यावर, जेथें माती वीतभर सुद्धां नसते, तेथें तें टिकतें. रान तोडलें गेलें, मोठीं झाडें गेलीं, गुरें मोकाट चरलीं, तरी सर्वांत शेवटीं उरते ती करवंद. म्हणून कित्येक लोक तिला ओसाडपणाची खूण समजतात. मला वाटतें, घर जळाल्यावर जो माणूस राखेशेजारीं बसून राहतो त्याला आग लावणारा म्हणण्यासारखेंच हें झालें.

वास्तविक ती बसून असते तें घर पुन्हां उभें करण्यासाठीं. बुलबुलासारखे पक्षी, उदमांजर, कोल्हा हे करवंदें खातात आणि त्यांच्या बिया रानभर पसरवितात. तेच पक्षी विसाव्यासाठीं जाळींत येतात आणि दुसऱ्या झाडांचीं बीजें तेथें टाकून जातात. उघड्या माळावर रुजलेलें रोपटें पहिली शेळीच खाऊन टाकते. जाळीच्या पोटांत रुजलेल्या रोपट्यापर्यंत शेळीचें तोंड पोंचत नाहीं. तेथें सांवली असते, पालापाचोळा कुजून माती तयार झालेली असते, ओल असते. चार-पांच वर्षांनीं तें रोपटें जाळीच्या डोक्यावर निघतें, तेव्हां त्याचें खोड गुरांना दाद देण्याच्या पलीकडे गेलेलें असतें. आमच्या गांवच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें मला डोंगरावर नेऊन एकामागून एक झाडें दाखविलीं होतीं. जांभूळ, हिरडा, ऐन अशा प्रत्येक झाडाच्या बुंध्याशीं करवंदीचीं जुनीं खोडें होतीं. "गुरुजी," तो म्हणाला, "ही दाई आहे. मूल वाढवते आणि बाजूला होते."

दुर्दैवानें हें शहाणपण माझ्या कानीं पडलें तें मी चूक करून बसल्यावर.

ती चूक अशी. मी तरुणपणीं त्या खेड्यांतील शाळेचा मुख्य झालों, तेव्हां शाळेच्या अंगणाला तिन्ही बाजूंनीं करवंदीचें जुनें कुंपण होतें. तें कोणी लावलें हें गांवांत कोणालाच सांगतां येत नव्हतें. एके दिवशीं चेंडू काढावयास गेलेल्या एका मुलाचा हात कांट्यानें चांगलाच फाटला, आणि जखम चिघळून तो आठवडाभर घरीं बसला. त्यांतच कोणीतरी कुंपणांत साप पाहिल्याची बातमी आणली. मला निमित्तच हवें होतें. तालुक्याच्या गांवीं मीं तारेचें कुंपण असलेली शाळा पाहिली होती. तसें नीटनेटकें, आरपार दिसणारें आवार आपलेंहि असावें, अशी माझी हौस होती. गांवांतून वर्गणी गोळा केली, मे महिन्याच्या सुटींत दोन मजूर लावले, आणि आठ दिवसांत तें कुंपण मुळांसकट खणून काढून लांकडी खांबांवर कांटेरी तारेचे पांच पदर ओढून घेतले. काढलेल्या जाळीचा ढीग पेटविला, तेव्हां तो हिरवा असूनहि कितीतरी वेळ धुमसत होता.

त्या संध्याकाळीं माझ्या एका विद्यार्थिनीची आई शाळेवरून जात होती. ती कातकरी वस्तींत राहणारी, मोलमजुरी करणारी बाई. ती थांबली, धुराकडे पाहिलें, आणि म्हणाली, "गुरुजी, जाळीनं तुमचं काय खाल्लं होतं?"

मी हंसलों. मुलांच्या सुरक्षिततेविषयीं कांहीं बोललों. तिनें ऐकून घेतलें आणि ती निघून गेली.

उत्तर मला पुढील दोन-तीन वर्षांत हप्त्याहप्त्यानें मिळालें. पहिल्याच पावसाळ्यांत कुंपणाच्या जागेची माती वाहून अंगणांत घळी पडल्या, कारण ती माती धरून ठेवणारीं मुळें मींच उपटलीं होतीं. दिवाळीच्या सुमारास गुरें तारांच्या मधून माना घालूं लागलीं, आणि मुलांनीं लावलेल्या आंब्याच्या व चिंचेच्या रोपांचा फडशा पडला. पुढें वाळवीनें खांब पोखरले, पावसानें तार गंजली, आणि एका रात्रीं कोणीतरी दोन पदर कापूनहि नेले. हें सारें मला समजण्याजोगें होतें. परंतु एक गोष्ट अशी होती, कीं जी मला कोणी सांगितल्याशिवाय समजली नसती.

जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां त्या बाईची मुलगी पंधरा दिवस आली नाहीं. मी घरीं गेलों. विचारतां विचारतां कळलें, कीं दर वर्षीं सुटींत मायलेकी शाळेच्या कुंपणावरचीं करवंदें काढून बाजारीं विकीत, आणि त्या पैशांतून मुलीच्या वर्षाच्या वह्या आणि छत्री येत असे. डोंगरावर करवंदें होतीं. पण डोंगर चढून जाऊन येण्यांत दिवस जातो, आणि दिवस गेला कीं मजुरी जाते. शाळेचें कुंपण वस्तीच्या वाटेवर होतें. पहाटे तासभर तोडलें, तरी टोपली भरत असे. त्या वर्षीं वह्या मीं दिल्या. मुलगी शाळेंत आली. परंतु वह्या स्वतःच्या कष्टानें आणणें आणि गुरुजींकडून घेणें यांतील अंतर तिच्या आईच्या चेहऱ्यावर मला दिसलें. ज्या कुंपणाकडे मी केवळ कांटे म्हणून पाहत होतों, त्यांतून माझ्याच शाळेंतील एका मुलीचें शिक्षण चाललें होतें, आणि मला, तिच्या शिक्षकाला, त्याचा पत्ता नव्हता.

श्रोतेहो, मग मीं करवंद पुन्हां लावण्याचें ठरविलें. आणि आपणांपैकीं ज्यांना घराभोंवतीं थोडी मोकळी जागा आहे त्यांच्या उपयोगासाठीं तें काम कसें केलें हें आतां सांगतों.

प्रथम मीं गुलाबाप्रमाणें फांद्यांचे तुकडे खोंचले. चाळीस तुकड्यांपैकीं एकहि जगला नाहीं. करवंदीची साधी फांदी सहसा मूळ धरीत नाहीं, हें मला मागाहून वाचनांत आढळलें. डोंगरावरून वाढलेलें झुडूप खणून आणावें असा विचार केला, तेव्हां त्या बाईनेंच तो मोडून काढला. तिचें म्हणणें असें, कीं मोठी जाळी उपटली तर ती तेथेंहि मरते आणि येथेंहि जगत नाहीं, बीं लावा.

बीं लावण्याचा नियम एकच, आणि तो म्हणजे बीं ताजें पाहिजे. करवंदीचें बीं डब्यांत भरून पुढील वर्षासाठीं ठेवण्याजोगें नाहीं. त्याची उगवणशक्ति लवकर जाते. पूर्ण पिकलेलीं, काळीं, टपोरीं फळें घ्यावीं. तीं पाण्यांत कुसकरून गर धुऊन टाकावा. प्रत्येक फळांत दोन-चार चपट्या बिया निघतात. त्या सावलींत एक-दोन दिवस सुकवून लगेच पेराव्या. माती, वाळू आणि कुजलेलें शेणखत सारख्या प्रमाणांत घेऊन कुंड्या किंवा पिशव्या भराव्या, बीं पाऊण इंच खोल टोंचावें, आणि पाणी साचूं देऊं नये. मृगाच्या पावसाच्या आगेमागें पेरलें म्हणजे वरून पडणारें पाणीच पुरतें. रोपें हळूहळू वाढतात. अधीर होऊं नये. पहिलें वर्ष त्यांना पिशवींतच राहूं द्यावें आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आरंभीं जमिनींत लावावें.

कुंपण करावयाचें असल्यास दोन रोपांमध्यें दोन फूट अंतर पुरे. आम्हीं दोन ओळी केल्या आणि एका ओळींतील रोप दुसऱ्या ओळींतील दोन रोपांच्या मधोमध येईल असें लावलें, त्यामुळें पुढें कुत्र्यालाहि आंत शिरण्यास वाट राहिली नाहीं. केवळ फळांसाठीं एखाददुसरें झुडूप लावणें असेल, तर त्याच्या भोंवतीं आठ-दहा फूट जागा मोकळी ठेवावी. जमीन मुरमाड, दगडाळ, हलकी कशीहि चालते. परंतु पाण्याचा निचरा झाला पाहिजे. पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट जागेंत करवंद कुजते. ऊन मात्र भरपूर हवें. सांवलींत झुडूप वाढतें पण फळ धरीत नाहीं. पहिलीं दोन वर्षें उन्हाळ्यांत आठवड्यांतून एक-दोन वेळां पाणी द्यावें, आणि कोंवळ्या रोपांभोंवतीं बाभळीच्या कांटेरी फांद्या रचाव्या, कारण कांटे कठीण होईपर्यंत करवंदीलाहि राखणदार लागतो. पुढें ना पाणी, ना राखण. साधारण तिसऱ्या वर्षापासून फळें दिसूं लागतात.

छाटणीविषयीं एक सूचना केली पाहिजे. फुलें फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. त्यामुळें हिंवाळ्यांत जो माणूस कात्री घेऊन कुंपण सारखें करावयास जातो तो वैशाखांतलीं फळें मार्गशीर्षांतच कापून टाकतो. फळें निघाल्यावर, पावसाच्या तोंडावर छाटणी करावी. नवे फुटवे पावसांत भरपूर येतात आणि पुढल्या मोसमाचीं फुलें त्यांवरच लागतात. छाटतांना हातांत जाड मोजे घालावे आणि चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये. तसेंच कुंपण मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि पाऊलवाटेपासून चार हात दूर लावावें. माझ्या शाळेचें जुनें कुंपण उपटण्याऐवजीं मीं एवढें जरी केलें असतें, म्हणजे चेंडू खेळण्याची जागा थोडी हलविली असती, तरी पुढचें रामायण टळलें असतें.

ज्यांना बियांची वाट पाहावयाची नसेल त्यांनीं पावसाळ्यांत गुटी बांधलेलीं कलमें मिळवावीं. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ इ. स. १९७२ मध्यें स्थापन झालें. त्यानें 'कोकण बोल्ड' नांवाची मोठ्या फळांची करवंद निवडून प्रसृत केली आहे. उत्तरेकडे पंतनगरच्या विद्यापीठानेंहि 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन', 'पंत सुवर्णा' अशा जाति काढल्या आहेत. शहरांतील ज्या बिऱ्हाडांना अंगण नाहीं, केवळ गच्ची आहे, त्यांनींहि निराश होऊं नये. तळाला भोंकें पाडलेल्या मोठ्या कुंडींत किंवा अर्ध्या पिंपांत एखादें झुडूप सहज राहतें. फळें थोडींच येतील. पण फाल्गुनांत गच्चीवर तो वास दरवळेल, आणि ऐन उन्हाळ्यांत इतर कुंड्या सुकत असतां ही एक हिरवी राहील.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. हा प्रांत खरोखर माझ्या पत्नीचा आहे. मी केवळ तिचा निरोप्या.

हिरवीं, कठीण करवंदें लोणच्यासाठीं. चीक निघून जावा म्हणून तीं मिठाच्या पाण्यांत तासभर ठेवून, धुऊन, पुसून, दोन फांका करून बी काढावी. मीठ लावून एक दिवस ठेवावीं, सुटलेलें पाणी काढून टाकावें, आणि मग मोहरीची डाळ, हळद, हिंग, तिखट व थंड केलेली फोडणी घालून बरणींत भरावीं. कैरीच्या लोणच्यापेक्षां हें लवकर मुरतें आणि याचा आंबटपणा जिभेवर अधिक रेंगाळतो. चटणीलाहि तींच हिरवीं फळें, हिरवी मिरची, ओलें खोबरें, गुळाचा खडा आणि मीठ.

अर्धवट पिकलेलीं, लालसर फळें जेलीसाठीं. फळ गोठविणारें जें पेक्टिन नांवाचें द्रव्य, तें करवंदांत भरपूर असतें, म्हणून बाहेरची कसलीहि भुकटी न घालतां याची जेली उत्तम जमते. फळें बुडतील इतक्या पाण्यांत शिजवून, पातळ फडक्यांत बांधून टांगावीं आणि रस आपोआप ठिबकूं द्यावा; पिळला तर जेली गढूळ होते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून मोठ्या आंचेवर आटवावें, आणि पळीवरून थेंब न पडतां पदर सुटूं लागला म्हणजे उतरावें. रंग असा येतो, कीं बरणी खिडकींत ठेवावी असें वाटतें. पूर्ण पिकलेलीं फळें सरबताला किंवा मुरंब्याला. भांडें मात्र स्टीलचें किंवा कल्हईचें घ्यावें. करवंदाची आंबट धार उघड्या पितळेला सोसत नाहीं.

येथें शहरांतील मुलांना एक गंमत सांगावीशी वाटते. केकवर किंवा आइस्क्रीमवर जी लालभडक 'चेरी' ठेवलेली असते, ती पुष्कळदां चेरी नसतेच. तें बी काढून, साखरेच्या पाकांत मुरवून, लाल रंग दिलेलें करवंद असतें. थंड प्रदेशांतलें फळ म्हणून आपण जें कौतुकानें शेवटीं खाण्यासाठीं राखून ठेवतों, तें आपल्याच रानांतलें निघतें. पिकतें तेथें विकत नाहीं असें म्हणतात. करवंदीनें नांव बदललें आणि ती विकली गेली.

आणि विकण्याची गोष्ट निघालीच आहे, तर आगगाडीच्या खिडकींतील त्या द्रोणाकडे परत जाऊं. तो द्रोण भरतो कसा? ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा समाजांतील बायका आणि मुलें उजाडण्यापूर्वीं डोंगर चढतात. एकेक फळ कांट्यांतून हात घालून वेंचावें लागतें. फांदी झोडपून चालत नाहीं, कारण पिकलें फळ फुटलें कीं त्याची किंमत गेली. बोटांना चीक बसतो, हातांवर ओरखडे उमटतात. पिकलेलें करवंद दोन-तीन दिवसांहून अधिक टिकत नाहीं, आणि एकदां पाऊस पडला कीं मोसम संपला. मग फळांत अळ्या होतात. ही गोष्ट विकणारीला ठाऊक असते, तशी घेणाऱ्यालाहि ठाऊक असते. म्हणून संध्याकाळच्या गाडीला आपण भाव पाडून मागतों, आणि उद्यां तीं नासणारच आहेत या भयानें ती देऊन टाकते. या व्यवहारांत जिंकल्याचें ज्याला समाधान वाटत असेल त्यानें एकदां तिच्या हातांकडे पाहावें. रानांतील असा मेवा गोळा करण्याचा व विकण्याचा वननिवासी लोकांचा परंपरागत हक्क इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यानें मान्य केला आहे. परंतु कायदा रानांतील हक्क देऊं शकतो. खिडकींतील भाव आपणच द्यावयाचा असतो.

हक्क असला तरी जाळी उरली पाहिजे. बंगल्यांसाठीं डोंगर सपाट करतांना यंत्राचा पहिला दांत बसतो तो करवंदीवर, कारण ती कोणाच्याच हिशेबांत नसते. इमारती लांकूड मोजलें जातें, आंबे-फणस मोजले जातात. जाळी 'साफ' केली जाते. मींहि तेव्हां 'साफसफाई' हाच शब्द वापरला होता. म्हणून ज्यांच्या मालकीचा डोंगरउताराचा एखादा तुकडा असेल त्यांना माझी विनंति आहे, कीं घर बांधण्यापुरती जागा मोकळी करा, आणि हद्दीवरची जाळी राहूं द्या. ती तुमची माती धरील, गुरें अडवील, आणि वाटेनें जाणाऱ्या कोणाच्या तरी मुलीच्या वह्यांचा खर्च काढील.

आमच्या शाळेचें नवें कुंपण मुलांनीं लावलें. पांचव्या वर्षीं त्याला भरपूर करवंदें आलीं. तोंवर ती मुलगी आमच्या शाळेंतून पुढल्या शाळेंत गेली होती; परंतु करवंदें काढावयास मायलेकी आल्या. मीं मुलांना एक नियम घालून दिला होता: हात पुरेल तेवढीं खावीं, पण टोपलीवाल्यांच्या आधीं फांद्या ओरबाडूं नयेत. तो नियम मीं तरी कधीं मोडलेला पाहिला नाहीं. मी निवृत्त झालों त्या दिवशीं कुंपणाजवळून एक फेरी मारली, तेव्हां उत्तरेच्या कोंपऱ्यांत जाळीच्या डोक्यावर जांभळाचा एक शेंडा आलेला दिसला. तें जांभूळ आम्हीं लावलें नव्हतें.

श्रोतेहो, येत्या वैशाखांत आपण घाटांतून जाल तेव्हां एक द्रोण करवंदें घ्या, आणि ती बाई जो भाव सांगेल तोच द्या. करवंदें मुलांबरोबर खा. कोंबडा कीं कोंबडी हेंहि त्यांना विचारा. मात्र बिया थुंकून टाकूं नका. चार-पांच चांगल्या फळांच्या बिया काढून, धुऊन, रुमालांत बांधून घरीं आणा आणि पहिल्या पावसाच्या आंत मातींत टोंचा. त्यांतील निम्म्या उगवल्या तरी तीन-चार वर्षांनीं आपल्या दारींहि एक हिरवी जाळी उभी असेल. आणि पुढें कधीं कोणी ती तोडावयास निघालाच, तर त्याला मला विचारला गेलेला प्रश्न अवश्य विचारा, कीं या जाळीनें तुमचें काय खाल्लें आहे? मला अजून त्या प्रश्नाचें उत्तर सांपडलेलें नाहीं.